साखर तोडली म्हणून कॅन्सर उपाशी मरत नाही



घरात कुणाला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, की त्याचा भात, भाकरी, केळी बंद होते. 'कॅन्सर साखरेवर जगतो,' असे कुणीतरी सांगितलेले असते. वॉर्डात आम्ही हे खूपदा पाहिले. यात अर्धेच खरे आहे.

स्वादुपिंड जठराच्या मागे असते. ते पाचक रस आणि इन्शुलिन बनवते. जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले, की कॅन्सरच्या पेशी साखर भराभर ओढतात आणि ऑक्सिजन असूनही ती पूर्ण जाळत नाहीत. स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या दहापैकी नऊ रुग्णांत के-रास नावाच्या जनुकात बिघाड सापडतो. पेशीला 'वाढ' असे सांगणारे हे बटण मग चालूच राहते. पेशी साखर आत घेणारी दारे वाढवते. त्या साखरेतला काही भाग जळणाला जातो, काही नव्या पेशी बांधायला विटांसारखा वापरला जातो.

मग साखर तोडली तर? माणूस उपाशी राहिला तरी यकृत रक्तात साखर सोडतेच. त्यासाठी अंगातले स्नायू झिजतात. गाठ उपाशी राहत नाही, माणूस खंगतो. खंगलेल्याला ऑपरेशन, केमोथेरपी झेपत नाही. देह झिजवून काही साधत नाही, हे भगवान बुद्धांनी स्वतः अनुभवले आणि मध्यम मार्ग सांगितला. तोच इथे लागू आहे. रुग्णाला थोडे थोडे, पण वारंवार द्या: डाळ, अंडी, मासे, मऊ भात. मधुमेह असेल तर आहार आणि औषध डॉक्टरांना विचारून ठरवा.

ही लक्षणे ओळखा: पन्नाशीनंतर अचानक मधुमेह आणि सोबत वजन घटणे, कावीळ, गडद लघवी, फिकट शौच, अंगाला खाज, पोटाच्या वरच्या भागातून पाठीत जाणारे दुखणे. प्रत्येक मधुमेह म्हणजे कॅन्सर नव्हे. पण कावीळ उतरवणाऱ्याकडे आठवडे घालवू नका. सरकारी रुग्णालयात जा, रक्त आणि सोनोग्राफी तपासून घ्या, सांगितले तर सीटी स्कॅन करा. गाठ पसरण्याआधी सापडली तरच ऑपरेशनने काढता येते.

बिडी-सिगारेटने हा धोका वाढतो. ती आजच सोडा. रुग्णाचे ताट मात्र काढून घेऊ नका.