ट्रॅक्टरच्या तीन दांड्यांची जुळणी

खालचे दोन दांडे व वरची टॉप लिंक यांवर नांगर जोडण्याची हॅरी फर्ग्युसन यांची रचना १९३९ साली फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरावर आली. बाजूने पाहून दांड्यांच्या रेषा मनाने पुढे वाढवाव्या. त्या जेथे मिळतात तेथूनच नांगर ओढला जातो असे समजावे. टॉप लिंक आखूड केल्यास फाळाचे टोक खाली वळून जमिनीत घुसते. फाजील लांब केल्यास नांगर टाचेवर टेकतो. इतके बहुतेकांस ठाऊक असते.

परंतु झाडाचा बुंधा उपटण्याकरिता कित्येकजण टॉप लिंकच्याच भोकास साखळी बांधतात, हे आम्हांस फार भयंकर वाटते. ओढ मागील आसाच्या वर लागते, पुढील चाके उचलतात व हाकणारा सावध होण्यापूर्वीच यंत्र त्याच्यावर उलथते. साखळी खालील ड्रॉबारासच बांधावी.