दहावी बाई ठेवण्याआधी

तुझ्या पोळीभाजी केंद्रात नऊ बायका झाल्या आणि गणपतीआधी दहावी घेणार म्हणतेस. छानच गं. पण तुझं ते ‘ताई, आम्ही सगळ्या घरच्यासारख्याच’ ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. घरचं म्हटलं की पगार 7 तारखेला झाला काय नि 12 ला झाला काय, कोणी बोलत नाही. बोलत नाहीत, पण दिवस मोजत असतात. घरभाडं, पोराच्या क्लासची फी, भिशीचा हप्ता, सगळं तारखेवर उभं असतं. तुझ्या ऑफिसवाल्या गिऱ्हाइकाने बिल थकवलं, हे त्यांचं दुखणं नाही. सगळ्यांचा एका महिन्याचा पगार बँकेत बाजूला पडून असल्याशिवाय नवं माणूस घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

उचल मागतील. नाही म्हणू नकोस, नाहीतर त्या सावकाराच्या दारात जातील. पण तोंडी देऊ नकोस. वहीत तारीख, रक्कम, दरमहा किती कापायचे ते लिही नि सही घे. जुनी उचल फिटल्याशिवाय नवी नाही, हा नियम सगळ्यांना एकच. तुझ्या सासूबाईंच्या ओळखीतून आलेल्या बाईलासुद्धा! (विशेषतः तिलाच.)

खाड्याचे पैसे कापतेस, ठीक. मग लग्नसराईत रविवारी बोलावून रात्रीपर्यंत पुऱ्या तळून घेतेस, त्याचं काय? ‘जाताना डबा भरून देते’ हे उत्तर नव्हे. जादा तासांना कायद्याने दुप्पट दर आहे.

लिज्जतचा दाखला तू येता-जाता देतेस. 1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, हे खरं. पण तिथे प्रत्येक भगिनी मालकीण असते. नफा सगळ्यांचा नि तोटाही सगळ्यांचा. तुझ्याकडे मालकीण तू एकटी. नफा तुझ्या खात्यात जातो, तेव्हा मंदीची झळही आधी तुलाच लागायला हवी. नफ्याच्या वेळी मालकीण नि तोट्याच्या वेळी बहीण, असं चालत नाही बाई.

आता दहावीचं. माणसं दहा झाली की 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती नेमावीच लागते. ‘आम्ही तर सगळ्या बायकाच’ म्हणशील. आणि डबे पोचवणारी मुलं? सिलिंडरवाला? पार्टीच्या ऑर्डरला गेल्यावर तिथली माणसं? तुझी एखादी पोरगी गप्प गप्प राहायला लागली, तर तिने कोणापाशी बोलायचं, हे आधीच ठरलेलं हवं. समितीची अध्यक्ष तुमच्यातलीच एखादी जाणती बाई, आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतली. बाळंतपणाच्या रजेचा कायदाही दहावरच लागू होतो: पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे, भरपगारी. म्हणून नवविवाहितेला कामावर घ्यायचंच टाळणाऱ्या मालकिणी मी पाहिल्यात. तू त्यांच्यातली होऊ नकोस. ईएसआयची चौकशी आत्ताच करून ठेव. त्यात आजारपणाचा नि बाळंतपणाचा बराचसा भार सरकारी योजनेवर जातो. तुझ्या हिश्शाचे पगाराच्या सव्वातीन टक्के भरायचे, त्यांचे पाऊण टक्का. पीएफ वीस माणसांवर, त्याला अजून अवकाश आहे.

रागवायचं तर बाजूला घेऊन, हे तुला सांगायला नको. दिवाळीला साडी जरूर दे, पण बोनसच्या बदल्यात नको. तिच्या आवडीचा रंग तुला माहीत नसतो. पैसे मात्र तिला हवे तिथे वापरता येतात.

आणि दहावीला ‘उद्यापासून ये’ म्हणण्याआधी कागदावर चार ओळी लिहून दे: पगार किती, कोणत्या तारखेला, सुट्टी कधी, जादा तासांचे किती. तसाच कागद आधीच्या नऊ जणींनाही दे, आणि त्यांना तो आधी दे.