नळांतील पाण्याचा हिशेब

द्रवगतिशास्त्र हा विषय विद्यालयांत असतां आम्हांस कधींच उमगला नाहीं. सूत्रें मुखोद्गत होतीं, परंतु दोनदां अनुत्तीर्ण होऊन तिसऱ्या खेपेस कसेबसे पार पडलों. त्या अज्ञानाची खरी किंमत पुढें मोसंबीच्या झाडांनीं भरली.

सन २०१२-१३ च्या अवर्षणांत जालना जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा ठिकठिकाणीं वाळल्या. आमच्या विहिरीस थोडें पाणी होतें; बाग सपाट जमिनीवर ३०० मीटर दूर. स्वस्त पडते म्हणून आंतून ५० मिलिमीटर व्यासाची नळी आणली. शिवाय समजूत अशी कीं, अरुंद नळींतून पाणी अधिक जोरानें जाईल. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला कीं धार दूर जाते, हें कोणीं पाहिलें नाहीं ? प्रत्यक्षांत शेवटच्या ओळींत ठिबकाचा थेंब पडेना. तीन ओळी गेल्या.

मग जुनें पुस्तक पुन्हां उघडलें. पहिली गोष्ट अशी कीं, दाब उंचीनें मोजावा. १० मीटर उंच पाण्याच्या तळाशीं दर चौरस सेंटिमीटरास सुमारें १ किलोग्रॅम दाब पडतो. मग तें पाणी नळींत असो वा विहिरींत. रुंदीचा येथें संबंध नाहीं. औरंगाबादेच्या (आजचें छत्रपति संभाजीनगर) पाणचक्कीस डोंगराकडील पाणी मातीच्या नळांनीं येऊन उंच भिंतींत आपोआप चढे, तें उगमाची पातळी वर होती म्हणूनच.

दुसरी गोष्ट. व्यास निम्मा केला कीं नळीचें तोंड चौथाई होतें, आणि तितकेंच पाणी न्यावयाचें तर वेग चौपट लागतो. हा वेग फुकट मिळत नाहीं. तो दाबांतून येतो. डानिएल बेर्नूली यानें सन १७३८ मध्यें आपल्या ग्रंथांत हा दाबवेगाचा संबंध मांडला.

आमचें अडलें तें तिसऱ्या गोष्टीपाशीं, म्हणजे घर्षणापाशीं. वाढलेला वेग नळीच्या सबंध लांबीभर दाब खातो. दर सेकंदास अडीच लिटर पाणी ५० मिलिमीटर नळींतून ३०० मीटर नेण्यांत सुमारें १० मीटरांचा दाब खर्च होतो. तेंच ७५ मिलिमीटर नळींत अवघा दीड मीटर. आमच्या नळीच्या आरंभीं १२ मीटरांचा दाब होता. हिशेबानें बागेशीं २ उरत, आणि ठिबकास तर साधारण १० हवे ! पंप मोठा घेण्याचा सल्ला बहुतेकांनीं दिला. तो मानला असता तर विजेचें बिल तेवढें वाढलें असतें.

अंगठ्याचें कोडें मग सुटलें. अंगठ्यानें प्रवाह कमी होतो, म्हणून मागील नळींतील घर्षणाची तूट घटते आणि वांचलेला दाब तोंडाशींच वेगांत बदलतो. धार लांब जाते, पण बादली उशिरां भरते. विद्यालयांत हें कोणीं बादली लावून दाखविलें असतें तर !

शेततळ्यांवर द्राक्षें पिकविणाऱ्या कडवंचीसारख्या गांवीं अशा लांब नळ्या पुष्कळ आहेत. वाचकांनीं नळी विकत घेण्यापूर्वीं १५ लिटरांची बादली पंपाखालीं धरून घड्याळ पाहावें. ती सहा सेकंदांत भरली तर प्रवाह अडीच लिटरांचा समजावा, व मग वरील हिशेब दुकानदारासमोर मांडावा. नळी बसविल्यावर दोन्ही टोकांस दाबमापक लावल्यास वाटेंत किती दाब गेला तें तत्काळ कळतें. आम्हीं ७५ मिलिमीटरांची नळी पुढल्या वर्षीं घातली.