आयसीयूतला भ्रम: घरच्यांनी काय करावं?

२०२१च्या एप्रिलमध्ये माझे वडील कोविड न्यूमोनियाने आयसीयूत होते. व्हेंटिलेटर निघाला आणि बाबा बरळायला लागले. सिस्टर सलाईनमधून विष घालतेय, छतावर मुंग्या फिरताहेत, असं म्हणत नळ्या उपसायचे. नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली, डोक्यावर परिणाम झाला म्हणून. मग ते एकदम गप्प झाले. आम्हाला हायसं वाटलं, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाकेला ओ देत नाहीत, ही शांतता बरी नव्हे."

हा डिलिरियम. आरडाओरडा करणारा लगेच लक्षात येतो, गप्प पडून राहणारा सुटून जातो. हे वेड नव्हे. अंगभर पसरलेला दाह, कमी पडलेला ऑक्सिजन, झोपेचं खोबरं आणि गुंगीची औषधं यांनी मेंदू गोंधळतो. १४ देशांतल्या २,०८८ गंभीर कोविड रुग्णांच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक जणांना डिलिरियम झाला होता. मिडाझोलामसारख्या गुंगीच्या औषधांनी धोका वाढलेला दिसला. घरच्यांची भेट, अगदी व्हिडिओ कॉलवरची का होईना, झाली तिथे तो कमी होता.

म्हणून सांगते, चष्मा, कानाचं यंत्र आत पोहोचवा. रोजच्या गोळ्या, दारूची सवय, आधीपासूनचा विसराळूपणा डॉक्टरांपासून लपवू नका. गुंगीचं औषध कमी करता येईल का, उठवून बसवता येईल का, रात्री दिवे मंद ठेवता येतील का, हे रोज विचारा.

भासांवरून वाद घालू नका, होला हो पण करू नका. सिस्टर फोन धरायची तेव्हा मी एवढंच म्हणायचे, "बाबा, आज मंगळवार. तुम्ही दवाखान्यात आहात. न्यूमोनियाला उतार आहे. आई घरी बरी आहे." तेच, सावकाश, पुन्हा पुन्हा.

मात्र तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, झटका आला, तर भ्रम समजून थांबू नका. तो पक्षाघात किंवा मेंदूची सूज असू शकते, तत्क्षणी सांगा.

घरी आल्यावरही भीतिदायक स्वप्नं, विसरभोळेपणा, उदासी काही महिने राहू शकते. मन मोकळं करायला टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. छातीचा एक्स-रे चांगला आला म्हणून फाइल मिटवू नका. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा रुग्णाची झोप, स्मरणशक्ती आणि मन कसं आहे, हेही डॉक्टरांना सांगा.