लठ्ठपणावरचा सर्जन कसा घडतो?

आमच्या शाळेत एक खूप जाड मुलगा होता. त्याला आम्ही 'भोपळा' म्हणत असू. खेळाच्या तासाला तो धावू लागला की वर्ग हसे. 'कमी खात जा' हा सल्ला त्याला जो तो देई, पण तो खरोखर किती खातो हे कोणी कधी विचारले नाही. लठ्ठपणा म्हणजे खादाडपणा आणि आळस, असे आम्ही धरून चाललो होतो. ती आमची चूक होती. आनुवंशिकता, शरीरातील संप्रेरके, झोप, काही औषधे, भोवतालचे अन्न अशी अनेक कारणे त्यामागे असतात. लठ्ठपणा फार वाढला की मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे असे विकार मागे लागतात. अशा काही रुग्णांवर शस्त्रक्रिया करतात. ती करणारा सर्जन कसा तयार होतो, ते आज पाहू.

एका निरीक्षणातून शोध

डॉ. एडवर्ड मेसन यांचा जन्म १९२० साली अमेरिकेतील आयडाहो राज्यात झाला. १९४५ मध्ये ते आयोवा विद्यापीठातून डॉक्टर झाले. पुढे मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी शस्त्रक्रियेचे शिक्षण घेतले, १९५३ मध्ये पीएच.डी. मिळवली आणि ते आयोवाला अध्यापक म्हणून परतले.

त्या काळी जठरव्रणाच्या रुग्णांच्या जठराचा काही भाग काढून टाकीत. अशा रुग्णांचे, विशेषतः स्त्रियांचे, वजन नंतर वाढत नाही असे दिसून येई. इतरांच्या दृष्टीने हा शस्त्रक्रियेचा दोष होता. मेसन यांनी उलटा विचार केला: हाच दोष अतिलठ्ठ रुग्णाला उपकारक ठरेल काय? १९६६ मध्ये त्यांनी डॉ. चिकाशी इटो यांच्यासह जठराचा वरचा लहान भाग वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडला. हीच 'गॅस्ट्रिक बायपास' शस्त्रक्रिया होय.

आज या शस्त्रक्रियेत जठराची पिशवी सुमारे ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढीच ठेवतात. पण केवळ भांडे लहान झाले म्हणून वजन घटते असे नाही. अन्नाची वाट बदलल्याने भूक आणि तृप्ती यांचे निरोप मेंदूकडे नेणारी संप्रेरकेही बदलतात.

मेसन तेथेच थांबले नाहीत. १९८० च्या सुमारास त्यांनी जठराला उभे टाके व पट्टी घालण्याची एक सोपी पद्धत काढली. ती काही वर्षे गाजली आणि मागे पडली. टिकली ती आधीची बायपासच! कोणती पद्धत खरोखर चांगली, हे अनेक वर्षे नोंदी ठेवल्यावरच कळते. म्हणून मेसन यांनी रुग्णांची देशव्यापी नोंदवही सुरू केली. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या विषयातील अमेरिकी सर्जनांच्या संस्थेचे ते पहिले अध्यक्ष होते. २०२० मध्ये, वयाची शंभर वर्षे पूर्ण करून ते वारले.

आपल्याकडील शिक्षण

भारतात बारावीला भौतिकी, रसायन आणि जीवशास्त्र घेऊन 'नीट' परीक्षा द्यावी लागते. त्यानंतर एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे आणि रुग्णालयातील उमेदवारीचे एक वर्ष. पुन्हा प्रवेश परीक्षा देऊन सामान्य शस्त्रक्रियेतील एम.एस. किंवा डी.एन.बी., तीन वर्षे. येथे विद्यार्थी अपेंडिक्स, हर्निया, पित्ताशय अशा शस्त्रक्रियांत हात बसवतो. मग कोणी पोटाच्या शस्त्रक्रियेतील एम.सीएच. तीन वर्षांत करतो, तर कोणी लठ्ठपणाच्या व दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची फेलोशिप घेतो. हिशेब करा: १८ + ५½ + ३ = २६½. त्यात शेवटचे शिक्षण मिळवले की तिशी जवळ येते, तीही एकही वर्ष वाया न गेल्यास!

येथे भौतिकी कोठे आली?

मी भौतिकीचा शिक्षक, म्हणून हे सांगतोच. या शस्त्रक्रिया आज बहुधा दुर्बिणीतून करतात. पोटावर लहान छिद्रे पाडून आत कार्बन डाय-ऑक्साइड वायू भरतात, म्हणजे पोटाची भिंत वर उचलली जाते आणि काम करण्यास जागा होते. हाच वायू का? तो पेटत नाही आणि रक्तात चटकन विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो. त्याचा दाब पाऱ्याच्या सुमारे १२ ते १५ मिलिमीटर एवढा ठेवतात.

लांब हत्यार छिद्रातून आत जाते तेव्हा ते छिद्र तरफेचा टेकू बनते. हात डावीकडे नेला की हत्याराचे टोक उजवीकडे जाते! त्यातून सर्जनला पाहायचे असते ते पडद्यावर. म्हणून तो आधी खोक्यावर सराव करतो. तुम्हीही करून पाहा. पुठ्ठ्याच्या खोक्याची एक बाजू उघडी ठेवा, वर छिद्र पाडून त्यातून लांब पेन्सिल घाला आणि तिच्या टोकाने आतले हरभरे एका कोपऱ्यात ढकला. मग तेच आरशात पाहून करा.

कोणाला 'नाही' म्हणावे?

वजन (किलोग्रॅम) भागिले उंचीचा (मीटर) वर्ग, हा निर्देशांक बेल्जियमचे गणिती केतले यांच्या एकोणिसाव्या शतकातील कामातून आला. १२० किलोच्या, १.६ मीटर उंचीच्या माणसाचा निर्देशांक १२० ÷ २.५६, म्हणजे जवळजवळ ४७ येतो. शस्त्रक्रियेसाठी १९९१ मध्ये अमेरिकेत ४० ही मर्यादा ठरली होती, गंभीर विकार जोडीला असल्यास ३५. २०२२ मध्ये ती आणखी खाली आली आणि आशियाई लोकांसाठी त्याहून कमी धरली गेली. पण आकडा पुरेसा नाही. भूलतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ यांचे मत घेऊनच सर्जन निर्णय करतो. शस्त्रक्रियेनंतर जीवनसत्त्व ब-१२, लोह यांची उणीव पडू नये म्हणून रुग्णाला जन्मभर तपासणी व पूरक औषधे लागतात. शस्त्रक्रिया दोनएक तासांची, जबाबदारी मात्र वर्षानुवर्षांची.

यातील पदव्या मिळवण्यास अकरा-बारा वर्षे लागतात. पण पहिला धडा शाळेतच शिकता येतो: जाड मुलाला हसण्याआधी, मेसन यांच्याप्रमाणे, 'असे का?' हे विचारणे. आमच्या वर्गाने तो धडा फार उशिरा घेतला.

विचार करा
१. पेन्सिलीचा अधिक भाग खोक्याच्या आत असेल तर हाताच्या थोड्या हालचालीने टोक किती हलेल? का?
२. पोटात साधी हवा भरली तर कोणते धोके संभवतात?
३. वाढत्या वयाच्या मुलांना मोठ्या माणसांच्या निर्देशांकाची मर्यादा जशीच्या तशी का लावत नाहीत?