गाळणी आणि २१ नावे

आजवर परमवीर चक्र २१ वीरांना मिळाले आहे. त्यांपैकी १९७१ च्या युद्धातले कोण, हयातीत हा सन्मान मिळालेले कोण, हे एका क्लिकसरशी दिसावे म्हणून मी साध्या जावास्क्रिप्टमध्ये एक वेब पान तयार केले. त्यासाठी कोणतीही तयार लायब्ररी लागत नाही. पायऱ्या तीनच आहेत.

पहिली पायरी माहितीची. प्रत्येक वीराची एक नोंद करायची: नाव, कामगिरीचे वर्ष आणि सन्मान मरणोत्तर आहे की नाही. अशा २१ नोंदींची एक ॲरे होते.

दुसरी पायरी गाळण्याची. ‘फिल्टर’ला आपण एक अट देतो. अट पाळणारी नोंद नव्या ॲरेत जाते, मूळ ॲरे जशीच्या तशी राहते. फॉलिनमध्ये एका हाऊसला ‘एक पाऊल पुढे’ म्हटले, तर तेवढेच कॅडेट पुढे येतात. हजेरीपटावरून कोणाचे नाव खोडले जात नाही, तसेच हे. १९७१ निवडले की चार नावे उरतात: अल्बर्ट एक्का, निर्मलजीत सिंग सेखों, अरुण खेत्रपाल आणि होशियार सिंग. एक काळजी घ्या. ड्रॉपडाउनमधून येणारे वर्ष हा मजकूर असतो, संख्या नव्हे. ‘नंबर’ने त्याची संख्या करून मगच काटेकोर तुलना करा, नाहीतर यादी रिकामी येईल.

तिसरी पायरी दाखवण्याची. ‘रिप्लेस-चिल्ड्रन’ने जुनी यादी पुसा, ‘क्रिएट-एलिमेंट’ने प्रत्येक नोंदीची ओळ करा, ‘टेक्स्ट-कंटेंट’मध्ये नाव भरा आणि ‘अपेंड’ने ती ओळ पानावर जोडा. जुनी यादी पुसली नाही, तर नवी नावे तिच्याखाली साचत जातात.

आता ‘मरणोत्तर नाही’ अशी अट घाला. सात नावे येतात. त्यांत १९६२ चे मेजर धनसिंग थापा आणि १९९९ चे योगेंद्र सिंग यादव आहेत. या दोघांचाही सन्मान आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झाला होता. प्रत्यक्षात थापा शत्रूच्या कैदेत जिवंत होते आणि यादव रुग्णालयात उपचार घेत होते. त्या पहिल्या घोषणेवरून कोणी नोंदी भरल्या असत्या, तर याच कोडने पाचच नावे दाखवली असती, आणि तीही चुकीचा एकही संदेश न देता.

गाळणी फक्त अट पाहते. नोंद खरी आहे का, हे तिला कळत नाही. म्हणून कोड चालवण्याआधी मी २१ नोंदी एकेक करून ताडून पाहतो. तुम्हीही तसेच करा.