हाड जुळले, पण सरळ जुळले का?

“पायात रॉड घातला, आता काळजी मिटली,” असे उद्गार नडगीचे हाड मोडलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांकडून आम्ही नेहमी ऐकतो. रॉड हाडाला आधार देतो, हे खरेच. परंतु हाड कोणत्या स्थितीत धरले गेले आहे, यावर पुढचे चालणे अवलंबून असते. म्हणून यंदाच्या अहवालात या विषयाची थोडी माहिती देत आहोत.

जर्मन शल्यविशारद गेर्हार्ड क्युंचर यांनी १९३९ साली मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूची सळई बसविली. पुढे हीच पद्धत नडगीसाठीही रूढ झाली. नडगीच्या मधल्या भागात पोकळी अरुंद असल्याने सळई घट्ट बसते आणि हाड बहुधा आपोआप रेषेत येते. गुडघ्यालगत व घोट्यालगत मात्र पोकळी रुंदावते आणि सळईला हलायला जागा राहते. गुडघ्यालगतच्या अस्थिभंगात वाटीखालचा स्नायुबंध वरचा तुकडा ओढून धरतो. त्यामुळे मोडलेल्या जागी नडगीला पुढे बाक येतो; कधी पाय बाहेरच्या बाजूस झुकतो. हे टाळण्यासाठी गुडघा थोडासाच वाकवून शस्त्रक्रिया करतात, किंवा सळईची वाट नेमकी राखण्यासाठी तिच्या कडेला जादा स्क्रू बसवितात.

सर्वसाधारणपणे डावी-उजवीकडे ५ अंशांपेक्षा किंवा पुढे-मागे १० अंशांपेक्षा अधिक वाक, १० अंशांपेक्षा अधिक पीळ आणि १ सेंटिमीटरहून अधिक आखूडपणा हे दोष मानले जातात. अशा पायात गुडघा व घोटा यांवर भार विषम पडतो आणि काळाच्या ओघात सांधे दुखण्याची व झिजण्याची शक्यता असते. यांतील पीळ सर्वांत फसवा, कारण साध्या क्ष-किरण चित्रात तो सहज दिसत नाही.

आमच्याकडूनही एकदा असे घडले, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. दुचाकीच्या अपघातात जखमी झालेल्या एका तरुणाची शस्त्रक्रिया पार पडली. दोन्ही बाजूंची चित्रे निर्दोष होती. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने विचारले, “याचे पाऊल असे बाहेर का वळले आहे?” दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहता तिची शंका रास्त वाटली, सीटी स्कॅनने ती खरी ठरली. आम्ही रुग्णास पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेले, खालचे स्क्रू काढले, पाय योग्य दिशेस वळवून ते पुन्हा बसविले. हाड सांधण्यापूर्वी दोष लक्षात आल्याने हे एवढ्यावर निभावले. हाड वाकडे सांधल्यावर ते पुन्हा कापून सरळ करावे लागले असते. तेव्हापासून शस्त्रक्रियेनंतर रुग्ण टेबलावर असतानाच दोन्ही पायांची तुलना करण्याचा नियम आम्ही पाळतो.

नातेवाइकांना आमची विनंती आहे की, शंका आल्यास संकोच न करता विचारावे आणि ठरलेल्या फेरतपासण्या चुकवू नयेत. रोजंदारी बुडते, एस.टी.चे भाडे परवडत नाही, म्हणून अनेक रुग्ण परत येत नाहीत, याची आम्हांस जाणीव आहे. दात्यांच्या साहाय्याचे मोल इथेच कळते. फेरतपासणीस येणाऱ्या गरीब रुग्णाचा प्रवासखर्च ही शस्त्रक्रियेइतकीच मोलाची मदत आहे.